मागून तिसरी दासी

राजवाड्यात सकाळी कोंबडा आरवत नाही, ख्वांग आरवतो. "गुडघे बांधले का गं सगळ्यांनी? नंतर माझ्याकडे रडत येऊ नका!" सहाच्या ठोक्याला तो असा ओरडला की दासींच्या खोलीत पंचवीस बाया झगे वर करून गुडघ्यांना जुने टॉवेल गुंडाळायला लागतात. त्यांतली एक लू साइफंग. वय एक्कावन्न. ती उजव्या गुडघ्याला एक टॉवेल बांधते आणि डाव्याला दोन. लहानपणी भाताच्या बांधावरून पडून तो डावा गुडघा कायमचा दुखावला. तेव्हापासून खाली बसताना ती उजवा गुडघा आधी टेकते, आणि मागून डावा आला की त्यातून सुपारी फुटल्यासारखा आवाज होतो.

खरा राजवाडा तिकडे उत्तरेला, बीजिंगमध्ये. तिथे आता माणसं तिकीट काढून हिंडतात, गुडघे कुणी टेकत नाही. मालिकांच्या चित्रीकरणासाठी उभारलेला हा हंगद्येनचा राजवाडा सिमेंटचा आणि प्लायवुडचा, पण वर्षाचे तीनशे दिवस इथे दरबार भरतो. एका अंगणात एक बादशहा मरत असतो तेव्हा शेजारच्या अंगणात दुसरा गादीवर बसत असतो, आणि जेवणाच्या सुट्टीत दोघे एकाच पायरीवर बसून डब्यातला कोबी चिवडतात. गेल्या काही वर्षांत तर नवीनच टूम निघाली आहे. आजच्या काळातली एखादी पोरगी मोटारीखाली येते, नाहीतर विहिरीत पडते, आणि धाडकन तीनशे वर्षं मागे राजवाड्यात जाऊन उभी राहते. तिथे राजपुत्र तिच्यावर जीव टाकतो. साइफंगला याचं फार नवल वाटे. तीही रोज सकाळी तीनशे वर्षं मागे जायची, पण तिला कधी राजपुत्र भेटला नाही, ख्वांगच भेटला.

ख्वांग म्हणजे एक्स्ट्रा पुरवणारा माणूस. साठीचा, पोट सुटलेला, मोठ्या तोंडाचा. त्याच्या वहीत साइफंगची जागा ठरलेली होती: मागच्या रांगेत, डावीकडून तिसरी. सगळे तिला थोडक्यात "मागून तिसरी" म्हणत आणि तीही त्या नावाला ओ देई. मालिका बदलत, राण्या बदलत, हिची जागा बदलत नसे. उन्हाळ्याच्या काहिलीत कापूस भरलेले झगे घालून तिने कागदी बर्फात गुडघे टेकले होते आणि खऱ्या थंडीत पातळ रेशमात वसंत ऋतू साजरा केला होता. तेरा वर्षं. या तेरा वर्षांत तिची पाठ किती कोटी लोकांनी बघितली असेल कोण जाणे. चेहरा कुणी बघितला नव्हता.

आणि ती घरून निघाली होती ती चेहऱ्यासाठीच.

तिचं गाव आनचिंग शहरापासून तीन तासांवर, डोंगरात. गावाचं स्वतःचं संगीत-नाटकाचं मंडळ होतं. साइफंग त्यात सखी व्हायची, कधी नायिकेची आई व्हायची, आवाज बरा होता. तिची आई मंडळाचे कपडे शिवायची, म्हणून गावात तिला सगळे शिंपीण म्हणत. पुढे गावातली माणसं शहरात गेली, मंडळ बसलं. साइफंगचा नवराही गेला, तो दुसरीला घेऊन. पोरबाळ नव्हतं. अडतिसाव्या वर्षी साइफंगने पेटी भरली तेव्हा शिंपीण दारात आडवी उभी राहिली.

"अडतिसाची घोडी तू. कोण उभं करणार आहे तुला कॅमेऱ्यासमोर?"

"बघशील. टीव्हीभर माझा चेहरा दिसेल."

"दिसला की कळव. तोवर मी कपडे वाळत घालते," आई म्हणाली आणि खरंच कपडे वाळत घालायला निघून गेली.

तेव्हापासून शिंपीण रोज संध्याकाळी साडेसातला टीव्हीसमोर बसते. राजवाडा दिसला की पुढे सरकते, एकही भाग सोडत नाही. डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला आहे, राणी कोण आणि बादशहा कोण याच्याशी तिला देणंघेणं नाही. ती मागची रांग बघते. नंतर फोन.

"काल थोरल्या राणीच्या मागे तू होतीस."

"कशावरून?"

"सगळ्या एकदम बसल्या, एक उजवा गुडघा आधी टेकून बसली. दुसरी कोण असणार? पाठ वाकवतेस किती! मी ताठ शिवलेली आहे तुला."

कधी कधी म्हातारी चुकायची. जी मालिका साइफंगने केलीच नाही तिच्यातही तिला मुलगी दिसायची. अशा वेळी साइफंग म्हणायची, "हो, मीच ती." एवढं खोटं चालतं असं तिला वाटे.

सुरुवातीला ती वर्षा-दोन वर्षांनी घरी जाई. मग शेजारणी यायच्या, खुर्च्या ओढून बसायच्या, मालिका लावायच्या आणि विचारायच्या, "यातली तू कुठली?" साइफंग पडद्यावर बोट ठेवून एक पाठ दाखवायची. शेजारणी "अगंबाई" म्हणायच्या, आणि ते "अगंबाई" तिला थोबाडीत मारल्यासारखं लागायचं. पाच वर्षांपूर्वी तिने जाणं बंद केलं. नववर्षाच्या सुट्टीतही काम असतं असं ती सांगे. काम असेही, ते खोटं नव्हतं, पण कारण ते नव्हतं. तिला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षाही आता थकवा जास्त होता.

चेहरा दाखवायची एक वाट होती, नाही असं नाही. मेलेल्या माणसावर कॅमेरा थांबतो. फटके खाऊन मेलेली दासी, विष पाजलेली दाई, विहिरीतून काढलेली मोलकरीण, सगळ्यांचा चेहरा अगदी जवळून घेतात. पण मेलेल्याचं काम अपशकुनी. ते करणाऱ्याला लाल पाकीट देतात, त्यात थोडे पैसे आणि एक गोड गोळी असते. काम संपताच उठून कॅमेऱ्याकडे बघून हसायचं आणि दिवस मावळायच्या आत गोळी खाऊन टाकायची, म्हणजे मरण अंगाला चिकटत नाही. बाकीचे माणसं पुरवणारे एवढ्यावर भागवत. ख्वांग जुन्या वळणाचा. तो आधी विचारायचा, "घरी आई-बाप आहेत का?" आहेत म्हटलं की तो पुढच्या बाईकडे वळे. आई-बाप जिवंत असताना लेकराने मरणाचं सोंग घ्यायचं नाही. साइफंगला हे नवीन नव्हतं. गावच्या मंडळातही तिरडीवर निजणाऱ्याला आधी हाच प्रश्न विचारत, आणि विचारायचं काम तिच्या आईकडेच असे, कारण कफन तीच शिवायची.

ख्वांगने साइफंगला तेरा वर्षांत सातदा विचारलं. सातही वेळा ती म्हणाली, "आई आहे." सातही वेळा दुसरीच कुणीतरी मेली आणि जगाला दिसली.

आरशाची मालिका आली ती मागच्या वसंतात. आजची एक मुलगी, औषधांच्या दुकानात काम करणारी. आईच्या माघारी जुन्या सामानात तिला काशाचा आरसा सापडतो, ती त्यात बघते आणि राजवाड्यात पोचते. तिथे सातवा राजपुत्र. आता परत यायचं की राहायचं, हाच सगळा घोळ, चाळीस भागांचा. परत यायचं कशासाठी, तर घरी भिंतीवर आईचा फोटो आहे, वर्षश्राद्धाला तिला उदबत्ती लावायला दुसरं कुणी नाही. म्हणजे त्या फोटोवर सगळी मालिका टांगलेली होती.

फोटोसाठी जी बाई ठरली होती ती ऐन दिवशी आली नाही. सुनेला दिवस गेलेत, घरचे नको म्हणतात, असा निरोप आला. दिग्दर्शक डोकं धरून बसला. नायिकेच्या तारखा पुढे नव्हत्या. सेटवरचं सामान सांभाळणारी मुलगी रिकामी चौकट आणि काळी फीत हातात घेऊन नुसती येरझारा घालत होती. ख्वांग जेवणाच्या सुट्टीत दासींमधून फिरू लागला, एकेकीचं तोंड भाजी निवडल्यासारखं वर करून बघत.

साइफंगपुढे तो थांबला. तेरा वर्षांत पहिल्यांदाच त्याने तिच्याकडे समोरून बघितलं असावं.

"अगं, तू तर कुणाचीही आई दिसतेस," तो म्हणाला. "नेमकं हेच हवंय. आई-बाप?"

साइफंगच्या हातात डबा होता. सकाळपासून चौदा वेळा गुडघे टेकून झाले होते, कारण राणीला शिंक येत होती. पाय सुजले होते. डोक्यावरच्या जड केसांच्या टोपामुळे मान आखडली होती. उद्या पुन्हा हेच, परवा पुन्हा हेच, आणि मग एक दिवस गुडघा वाकणारच नाही, तेव्हा ख्वांग तिच्या जागी दुसरी मागून तिसरी आणेल. हे सगळं तिच्या मनात आलंच असं नाही. ती फक्त दमलेली होती.

"नाहीत," ती म्हणाली.

"दोघंही?"

"दोघंही."

शेजारी बसलेल्या याचिनच्या हातातला घास हातातच राहिला. याचिन तिच्याबरोबर एका खोलीत राहायची, मागून चौथी. ख्वांग पुढे गेल्यावर ती कुजबुजली, "काय गं बोललीस हे? परवा तुझी आई फोनवर तुला पाठ ताठ ठेव म्हणून ओरडत होती. मी ऐकलंय ना!"

"जेव तू गपचूप."

"फंगताई, सांग त्याला. अजून वेळ गेली नाही. काळ्या फितीचा फोटो आहे हा. नुसतं मरून पडायचं नाहीये."

"याचिन, मला एकदा दिसायचंय," साइफंग म्हणाली. "एकदाच. मग मी मागणार नाही काही."

याचिनने मान फिरवली आणि अपशकुन टळावा म्हणून जमिनीवर तीनदा थुंकली, साइफंगच्या वाटचं.

फोटो काढायला पंधरा मिनिटं लागली. तिला राखाडी स्वेटर घातला, केस मागे बांधले, पांढऱ्या चादरीसमोर बसवलं. फोटोग्राफर म्हणाला, "मावशी, थोडं हसा. मुलगी शाळेतून येताना दिसली, असं." मुलगी कुठून आणायची? साइफंगला स्वतःचीच आई आठवली, बांधावर हात कपाळाला लावून उभी असलेली, शाळेतून येणाऱ्या साइफंगची वाट बघत. ओठ आपोआप हलले. "झकास!" फोटोग्राफर म्हणाला. ज्या आईला तासाभरापूर्वी तिने मारून टाकलं होतं तिच्याच तोंडाचं हसू तिने फोटोला दिलं होतं.

दुपारी नायिका त्या फोटोसमोर रडली. साइफंग दिव्यांच्या मागे उभी राहून बघत होती. चौकटीत तिचा चेहरा, वरून काळी फीत, खाली उदबत्त्या. नायिका बावीस-तेवीस वर्षांची, तीही सकाळपासून उपाशी, म्हणून रडू छान येत होतं. "आई, मी परत येईन," असं ती सहा वेळा म्हणाली.  आपल्याला एवढं कुणी कधी हाक मारून बोललं नाही, असं साइफंगला वाटलं, आणि लगेच स्वतःचाच राग आला. जी रोज हाक मारते तिला तर आपण नाही करून टाकलं.

काम संपल्यावर रीतीप्रमाणे फोटो तिच्या हातात दिला. ज्याचा त्याने स्वतः फाडायचा असतो. एवढा चांगला फोटो तिचा जन्मात निघाला नव्हता. तिने चार तुकडे करून उदबत्तीच्या राखेत टाकले. ख्वांगने लाल पाकीट दिलं.

"हस की," तो म्हणाला.

"कुणाकडे बघून? कॅमेरा गेला."

"जाऊ दे मग. गोळी खा दिवसाउजेडी."

तिने गोळी खाल्ली नाही. ही गोळी पोरक्यांसाठी असते, ती आपल्या हक्काची नाही, असं तिला वाटलं. टाकून द्यावी तर तेही धजेना. लाल कागदातली ती गोळी तिने पाकिटासकट पेटीच्या तळाला ठेवली.

मालिका शरदात लागणार असं कळलं तेव्हा तिने भावजयीला फोन केला. रुईपिंग साधी बाई, तीच आईला सांभाळायची. "ती आरशाची मालिका येतेय ना, ती आईला लावून देऊ नकोस."

"का हो ताई? तुम्ही आहात का त्यात?"

"नाही. रडारड आहे नुसती. तिचे डोळे दुखतील."

"बरं," रुईपिंग म्हणाली. "पण रिमोट त्यांच्याच उशाखाली असतो, एवढं लक्षात ठेवा."

पहिला भाग साइफंगने खोलीत पलंगावर बसून फोनवर बघितला. चौथ्या मिनिटाला तिचा चेहरा आला. अकरा सेकंद. पडद्यावरून बघणाऱ्यांनी लिहिलेली वाक्यं सरकत होती. "किती मायाळू चेहरा." "माझी आई अशीच हसायची." "ही कोण? हिला आधी कुठेच बघितलं नाही." साइफंगने तो तुकडा नऊ वेळा बघितला. तेरा वर्षं जे हवं होतं ते मिळालं होतं आणि ते खरंच चांगलं दिसत होतं, हे तिला कबूल करावंच लागलं. ती मनापासून सुखावली. मग घड्याळाकडे लक्ष गेलं. साडेआठ वाजून गेले होते. आईचा फोन आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशी तिने केला, तर रुईपिंगने उचलला.

"ताई, शेजारची धावत आली हो. साइफंग टीव्हीत, साइफंग टीव्हीत म्हणून. मी काय करणार? आई पुढे सरकून बसल्या. सगळं बघितलं. काळी फीतही बघितली."

"मग?"

"मग काही नाही. टीव्ही बंद केला. तेव्हापासून बोलत नाहीत. तुम्ही जिवंत आहात म्हणून मी सांगितलं, तर म्हणाल्या, ते मला कळतं, मी वेडी नाही. पेटीतून जुना लाल कपडा काढलाय आणि शिवत बसल्यात."

"फोन दे तिला."

पलीकडे पावलं वाजली, काहीतरी पुटपुटणं झालं. रुईपिंग परत आली. "नको म्हणतात. काम आहे म्हणतात."

 आई ओरडली असती तर बरं झालं असतं. आईने ओरडायचं, हिने ऐकायचं, असंच त्यांचं सगळं आयुष्य गेलं होतं. आई गप्प बसली म्हणजे तिला सगळं समजलं होतं.

सकाळी ती ख्वांगकडे गेली. तो वही उघडून बसला होता.

"मला चार दिवस गावी जायचंय."

"उद्या राजमातेची साठी आहे, बाई! अडीचशे माणसं गुडघे टेकणार. आणि तुला कोण आहे गावी?"

"आई."

ख्वांगने वहीतून डोकं वर काढलं.  तो शिव्या देईल असं तिला वाटलं, आणि दिल्या असत्या तर तिने घेतल्याही असत्या.

"माझं वय झालं म्हणून तुम्ही बाया मला बनवता," तो म्हणाला. "जा. आणि ती गोळी खाल्लीस का?"

"नाही."

"मूर्ख आहेस," ख्वांग म्हणाला आणि तिच्या नावापुढे चार दिवसांची रेघ ओढली.

वेगवान गाडीने आनचिंग, तिथून बस, बसमधून उतरून तासभर चढण. पाच वर्षांत रस्ता डांबरी झाला होता, गुडघा मात्र तोच होता. दुपारची वेळ, गावात सामसूम होती. अंगणात रुईपिंग सुपातले मुळे वाळत घालत होती. तिने साइफंगला बघितलं, काही बोलली नाही, फक्त आतल्या खोलीकडे बोट दाखवलं.

शिंपीण खिडकीशी बसली होती, दाराकडे पाठ करून. साइफंग उंबऱ्यात थांबली. पाठ किती लहान झाली होती. सदऱ्याखाली खांद्यांची हाडं वर आली होती, मानेवरचे केस पार विरळ झाले होते. आपण तेरा वर्षं हिला नुसती पाठ दाखवली, आणि हिने ती डोळ्यांत तेल घालून बघितली, ओळखली, तिच्यावर शेरे मारले. आज ही पाठ बघताना आपल्याला उभं राहवत नाही. साइफंग पुढे झाली आणि दगडी फरशीवर आईच्या मागे बसली. उजवा गुडघा आधी. डावा कटकन वाजला.

"आलीस," आई मागे न बघता म्हणाली. "औषध लावत नाहीस वाटतं त्याला."

"लावते."

"लावत असतीस तर वाजला नसता."

सुई चालत राहिली. मांडीवर लाल कपड्याचा लांब पट्टा होता, कमरेला बांधायचा. अपशकुनावर बांधतात तसा. टाके वाकडेतिकडे पडले होते. शिंपिणीच्या हातचे असे टाके साइफंगने आयुष्यात पाहिले नव्हते.

"बघितलास तू," साइफंग म्हणाली.

"बघितला. टीव्हीभर होता. म्हणाली होतीस तसा." आई थांबली. "डोळ्यांखाली काळं आलंय तुझ्या. म्हातारी झालीस. मला वाटत होतं, मागून तशीच आहेस म्हणजे पुढूनही तशीच असशील."

साइफंगला रडू आवरेना. पण आईचं बोलणं संपलं नव्हतं. तिने दोरा दातांनी तोडायचा प्रयत्न केला, दात नव्हते म्हणून शिवणकामाची थोरली लोखंडी कात्री घेतली, दोरा कापला आणि आता ती वळली.

"विचारलं असेल ना त्यांनी? फोटो काढायच्या आधी?"

साइफंग पट्ट्याचं टोक बोटांत चुरगाळू लागली.

"मी एवढ्या जणांना विचारलंय. कफन हातात घेऊन. विचारल्याशिवाय कुणी घालत नाही. विचारलं ना?"

"विचारलं."

"काय सांगितलंस?"

हे सांगण्यापेक्षा अडीचशे वेळा गुडघे टेकणं सोपं होतं. "नाही म्हणून सांगितलं," साइफंग म्हणाली. "आई नाही म्हणून सांगितलं मी. मला दिसायचं होतं. मी फार दमले होते गं आई."

बाहेर रुईपिंगच्या सुपाचा आवाज थांबला होता. शिंपीण मुलीच्या तोंडाकडे बघत राहिली, मोतीबिंदूचे डोळे बारीक करून, अगदी जवळून, कॅमेरा बघतो तसं.

"पाकीट दिलं का?"

"दिलं."

"गोळी?"

साइफंगने पिशवीतून लाल पाकीट काढलं. निघताना पेटीच्या तळातून ते का उचललं तिचं तिलाच माहीत नव्हतं. गोळी उन्हाळ्यात थोडी विरघळून कागदाला चिकटली होती.

"खाल्ली का नाहीस?"

"माझी नव्हती ती."

"तुझी नाही तर कुणाची? मेली कोण, तू का ख्वांग?" आईने गोळी हिसकावून घेतली, नखाने कागद सोलला, ती फरशीवर ठेवली आणि कात्रीच्या दांड्याने एक घाव घातला. गोळीचे दोन तुकडे झाले, एक थोडा मोठा.

मोठा तुकडा तिने साइफंगच्या तोंडात कोंबला, लहानपणी औषध कोंबायची तसा. लहान स्वतःच्या तोंडात टाकला आणि बोळक्यात एका गालातून दुसऱ्या गालात फिरवला.

"दोघीही मेलो होतो ना," ती म्हणाली. "मग दोघींची. चघळ नीट. आणि माझ्याकडे बघून हस आता, दिवस मावळायच्या आत."